कान्होजी, मोटार आणि माझा तयार कान

कान्होजी खलाटे आमच्याकडे आले ते मोटारीबरोबर. एका सरदारांनी आपली जुनी मोटार मला विकली आणि तिच्यासोबत तिचा ड्रायव्हरही दिला. "तीन वर्षं हाच चालवतोय. तिच्या सगळ्या खोडी याला मालूम आहेत," सरदार म्हणाले. एका सौद्यात दोन चांगल्या गोष्टी मिळाल्या म्हणून मी खूश झालो. मोटारीची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ती चालताना वाजते, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण सौदा झाला तेव्हा मोटार उभी होती. कागद नीट वाचल्याशिवाय सही करू नका, असं पक्षकारांना रोज बजावणारा मी वकील. मी मोटार विकत घेतली ती उभी पाहून.

कान्होजींचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास असेल. उंच, काटक, पाठ ताठ. उमर सगळी ग्वाल्हेर दरबारच्या तोफखान्यात गेलेली. तोफ ओढणाऱ्या सहा घोड्यांतल्या पुढच्या जोडीवर ते बसत, आणि जर्मनीच्या लढाईत समुद्रापलीकडे जाऊन आले होते. फौजेतून सुटल्यावर ते मोटार शिकले. घरी बायको, विधवा मुलगी आणि तिची दोन पोरं, आणि कमावणारे हे एकटे. बोलणं अगदी मोजकं. सकाळी सहाला यायचे, मोटार धुवायचे, मग फाटकाशी उभे राहून मी घराबाहेर पडायची वाट पाहायचे.

मी मागच्या सीटवर बसायचो आणि बोलायला लागायचो. ही माझी जुनी सवय. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची भांडणं बोलल्यावर परतीच्या वाटेत मला स्वतःचं काही बोलावंसं वाटे. न्यायाधीशांचं काय चुकलं, कालच्या बैठकीत कोणी कोणता राग नासवला, हे सगळं मी कान्होजींच्या पाठीला ऐकवत असे. समोरच्या छोट्या आरशात त्यांची नजर अधूनमधून माझ्याकडे वळे, मान हले आणि "जी साहेब" असा शब्द येई. इतका चांगला श्रोता मला घरातही मिळाला नव्हता, बार रूममध्ये तर नाहीच. दोन वर्षांत त्यांनी माझं एकही वाक्य खोडलं नाही. माणसाला समज आहे, असं मी वनमालेला, म्हणजे माझ्या पत्नीला, कितीदा तरी सांगितलं. ती नुसती हसायची. मला वाटायचं, कौतुकाने हसते.

आता माझ्या कानाबद्दल. मी सात वर्षं गाणं शिकलो. सातव्या वर्षी गुरुजी म्हणाले, "रमाकांतराव, गळ्याचं राहू द्या. तुम्ही कान तयार करा." यातलं पहिलं वाक्य मी विसरलो आणि दुसरं गावभर सांगितलं. आमच्या ग्वाल्हेरात ज्याला गाता येत नाही तो ऐकणारा होतो, आणि ऐकणाऱ्यांत पुढची जागा मिळावी म्हणून जी चढाओढ चालते ती गाणाऱ्यांतही नसेल. मी पुढच्या रांगेत बसायचो. स्वर जरासा उतरला तरी भुवई वर न्यायचो. भुवई बऱ्याचदा बरोबर जागी वर जायची, कारण शेजारचा माणूस कधी दचकतो यावर माझी एक नजर असे.

त्या वर्षी गणपतीत गोपाळकृष्णबुवांचं गाणं आमच्या घरी ठरलं. बुवा राहायचे सराफ्यामागच्या गल्लीत. टांग्याने आले असते, पण मी हट्ट धरला आणि मोटार घेऊन स्वतः गेलो. सराफा ते आमचं जयेंद्रगंज असं काय अंतर आहे. पण तेवढ्या वाटेत मोटारीने आपलं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं. मडगार्डाखाली खडखड, पायांखालच्या फळीत खुळखुळ, आणि खड्डा आला की मागून टणकन एक आवाज. बुवा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, चिंतन चाललंय. घराशी उतरताना ते शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, जाताना मी पायी जाईन. हा आवाज कानात राहतो. मला थोड्या वेळानं गायचंय."

चार माणसं तिथं उभी होती. गाणं फार सुंदर झालं असं सगळे म्हणाले. मला आठवत नाही. मी त्या संध्याकाळी भुवईसुद्धा हलवली नाही. निघताना बुवांनी दत्तजयंतीला पुन्हा येईन असं कबूल केलं, आणि खरंच पायी निघाले. पावसाने चिखल झाला होता, तरी.

दुसऱ्या दिवशी कान्होजी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, दोन दिवस मोटार मला द्या. मी आवाज काढून टाकतो. घरीच होईल, मिस्त्रीची जरूर नाही."

मी म्हणालो, "कान्होजी, आवाज काढायचा तर तो आधी नीट ऐकू यायला हवा. हे कानाचं काम आहे. तुम्ही मोटार धुवा."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी मान खाली घातली आणि बादली उचलून गेले. तेव्हा मला वाटलं, पटलं त्यांना.

पुढच्या रविवारी मी जुनं धोतर नेसून अंगणात उतरलो. सोबत पाने, पेचकस, तेलाची डबी, आणि तंबोरा. तंबोरा पाहून वनमालेने विचारलं, "मोटारीला गाणं शिकवणार आहात?" मी तिला शास्त्र समजावून सांगितलं. प्रत्येक खडखडीला आपला स्वर असतो. तंबोऱ्यावर तो स्वर पकडायचा, मग मोटारीचा एकेक भाग ठोकून पाहायचा, आणि ज्या भागाचा स्वर जुळेल तो भाग दोषी. वनमालेला मी मोटारीच्या पायरीवर उभं केलं आणि गाडी हलवायला सांगितलं. नऊवारी सावरत ती बिचारी गाडी हलवतेय, मी जमिनीवर बसून तंबोरा छेडतोय, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या घरातली माणसं एकेक करून डोकावतायत, असा तो सकाळचा कार्यक्रम झाला. कान्होजी कडुलिंबाखाली बसून होते. एकदा उठून पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, जरा हात लावून बघू द्या." मी हातानेच त्यांना बसायची खूण केली. समाधी लागली होती माझी.

शेवटी मी निकाल दिला. आवाज मंद्र पंचमाच्या किंचित खालचा आणि डाव्या बाजूच्या मागच्या दारातला. दाराची आतली फळी उघडली. आत जे जे पिळता आलं ते ते पिळलं. गादीतला कापूस काढून कोंबला. दुपारी दोनला फळी पुन्हा बसवली, तेव्हा एक लहान पाना सापडेना आणि एक नट कुठला ते कळेना. पाना घरातच कुठेतरी असेल, आणि इतक्या मोठ्या मोटारीत एखादा नट जास्तीचा असणारच, असं मी ठरवलं.

संध्याकाळी मोटार बाहेर काढली. जुने तिन्ही आवाज होतेच. त्यात डाव्या दारातून नवा एक आला, लोखंडाचा, आणि हा ब्रेक लावला की पुढे सरकायचा, गाडी सुटली की मागे. वनमाला म्हणाली, "आता चौघंजण झाले."

पुढचे चार रविवार मी लढलो. नोव्हेंबर उजाडला तसा माझा धीर संपला. फाटकाशी कान्होजींना समोर उभं करून सांगितलं, "दत्तजयंतीपर्यंत आवाज गेला नाही तर मोटार विकून टाकणार. दाल बाजारातला एक व्यापारी मागतोय."

"मग माझं, साहेब?"

"त्याचा स्वतःचा ड्रायव्हर आहे."

"या उमरीत मला दुसरीकडे कोण ठेवणार?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, बघू. वकील माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा त्याने बघायचं बंद केलेलं असतं, हे त्यांना माहीत नसावं.

त्या महिन्याच्या शेवटी एक दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर आमचे एक वकीलबंधू सगळ्यांसमोर म्हणाले, "रमाकांतराव, तुम्ही दाल बाजारात असता तेव्हाच इथं आम्हाला कळतं. तुमच्या नावाचा पुकारा करायची जरूर राहिली नाही." सगळे हसले. मीही हसलो, आणि आतून भडकलो. मोटारीत बसलो तो तसाच. राग काढायला समोर एकच पाठ होती.

"कान्होजी," मी म्हणालो, "तीन वर्षं सरदारांकडे आणि दोन वर्षं माझ्याकडे ही मोटार तुमच्या हातात आहे. तिचे हे हाल झाले याला जबाबदार तुम्ही. मला आता जमणार नाही. पहिल्या तारखेपासून तुम्ही येऊ नका."

आरशात त्यांची नजर वर आली. मान हलली. "जी साहेब," ते म्हणाले.

बस्स, एवढंच. विनवणी नाही, सबब नाही. गाडी नेहमीसारखी सांभाळून घरी आणली, माझ्यासाठी दार उघडलं, सलाम केला. मला भरून आलं. फौजी माणसाची ही आब पाहून मी इतका हेलावलो की जेवताना वनमालेला सांगताना माझा आवाज कापला. "भाकरी गेली तरी माणसाने चेहरा हलवला नाही," मी म्हणालो. ती माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिली आणि ताक वाढून गेली.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला सकाळी सहाला फाटक वाजलं. कान्होजी आले, बादली भरली, मोटार धुवायला लागले. मी खिडकीतून पाहत होतो. आधी वाटलं, निरोप घ्यायला आले. मग वाटलं, निष्ठा. साडेसहापर्यंत वाटू लागलं की हा शुद्ध उर्मटपणा आहे. मी आत गेलो आणि वनमालेला म्हणालो, "काढून टाकलेला माणूस कामावर आलाय. आता काय म्हणायचं याला?"

ती चुलीपुढे होती. "तुम्ही सांगितलंत कुठून?"

"मोटारीत."

"मागे बसून?"

"मग काय बॉनेटवर बसून?"

ती हसायला लागली, मग हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. "अहो, त्यांना ऐकू येत नाही. लढाईत तोफांनी कान गेले दोन्ही. समोर उभं राहून बोललं तर ओठांवरून समजतात. मागून बिलकुल नाही."

"तुला कधी कळलं?"

"ते आले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मागून हाक मारली, त्यांनी पाहिलं नाही. समोर गेले, तर लगेच 'जी बाईसाहेब'. मग त्यांनी हात जोडले. म्हणाले, साहेबांना बोलू नका, नोकरी जाईल. भाजीवालीला माहीत आहे. शेजाऱ्यांना माहीत आहे. सगळ्या जयेंद्रगंजला माहीत आहे."

"आणि मला?"

ती गंभीर झाली. "खरं सांगू? पहिला महिनाभर मी भीत होते, तुम्हाला कळेल म्हणून. तुमचा कान एवढा तयार. मग लक्षात आलं की तुम्ही त्यांच्याकडून काही ऐकायला थांबतच नाही."

मी पाटावर बसलो. दोन वर्षं. न्यायाधीशांबद्दल, रागांबद्दल, माणसांबद्दल मी जे जे बोललो ते त्या पाठीमागे हवेत गेलं होतं. आरशात माझं तोंड हलताना दिसलं की ते बिचारे मान हलवत होते. आणि याच माणसाला मी तोंडावर सांगितलं होतं की हे कानाचं काम आहे. मला अंगणात जायचीही लाज वाटत होती.

"पण बहिरा माणूस मोटार चालवतो," मी म्हणालो. काहीतरी बाजू मांडायलाच हवी होती.

"पाच वर्षांत कोणाला धक्का लागलाय? विचारा त्यांनाच. समोर उभं राहून विचारा."

मी गेलो. मनाशी ठरवलं होतं की या वेळी तोंडावर सांगायचं. बहिरा ड्रायव्हर म्हणजे जोखीम, कायदा आपल्या बाजूने आहे, वगैरे. कान्होजींनी डाव्या बाजूच्या मागच्या दाराची फळी उघडून ठेवली होती. लाकडी मुठीचा पेचकस दातांत धरला होता आणि त्याचं टोक दाराच्या पत्र्याला टेकवलं होतं. एक हात पत्र्यावर पसरलेला, दुसऱ्या हाताने ते गाडी हळूहळू हलवत होते. डोळे मिटलेले. आजारी घोड्याच्या पोटावर हात ठेवतात तसा त्यांचा हात त्या पत्र्यावर फिरत होता. मग हात थांबला. त्यांनी आत कोपरापर्यंत हात घातला, माझा गादीतला कापूस मूठमूठ बाहेर काढला, आणि त्याच्यामागून एक नट आणि एक लहान पाना.

मला पाहून ते उठले. नट आणि पाना त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले.

बाकीचे तीन आवाज त्यांनी आधीच शोधले होते. मी कचेरीत असताना रोज थोडं थोडं काम चाललं होतं; दारातल्या त्या चौथ्या आवाजापुढे बाकीचे गेलेले मला कळलेच नव्हते. जुन्या खोगिराच्या चामड्याच्या चकत्या कापून मडगार्डाच्या बोल्टांखाली घातल्या होत्या. पायांखालच्या फळीखाली मेणात भिजवलेला सुतळीचा वेढा होता. मागच्या टणकन आवाजाला त्यांनी चामड्याची पट्टी बांधली होती, अगदी घट्ट. ते सांगू लागले, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

"साहेब, आम्ही दुश्मनाच्या जवळून तोफा न्यायचो तेव्हा हुकूम असायचा, आवाज नाही पाहिजे. साखळी, बकल, रिकीब, सगळ्याला चिंध्या आणि चामडं बांधायचं. बांधून झालं की हात ठेवून बघायचं. कान धोका देतो. एकीकडे वाजतं, दुसरीकडे ऐकू येतं. हाताला बरोबर पता लागतो." मग म्हणाले, "रस्त्यावर मी टांग्याच्या घोड्यांचे कान बघतो. मागून काही आलं की घोड्याला आधी कळतं, त्याचे कान फिरतात. फिकर नका करू."

म्हणजे मला सगळं समजलंय, हे त्यांना समजलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. आता माझी पाळी होती, आणि सात वर्षं गळा घासूनही माझ्या तोंडून स्वर फुटेना.

त्यांनीच विचारलं. "साहेब, त्या दिवशी मोटारीत तुम्ही गुस्स्यात काही बोलत होतात. आरशात 'पहिली तारीख' एवढं दिसलं. पुढचं तुमच्या मिशीत गेलं. दोन रात्री विचार केला. आज पहिली तारीख आहे. काय सांगितलं होतं?"

त्यांचा चेहरा तसाच होता, फौजी, न हलणारा. पण पेचकस ते सारखा या हातातून त्या हातात घेत होते. ज्या आबेबद्दल मी जेवताना गहिवरलो होतो ती आब काय होती ते आता माझ्यासमोर होतं. माणूस घाबरलेला होता, आणि घाबरलेला असूनही काम पुरं करायला आला होता. मी आयुष्यात बऱ्याच खोट्या बाजू मांडल्या. त्यांतल्या एकीचीही मला इतकी निकड नव्हती.

"पहिल्या तारखेपासून," मी सावकाश, ओठ नीट हलवत म्हणालो, "मी पुढे बसणार. तुमच्या शेजारी. मागे फार खडखड ऐकू येते."

त्यांनी माझे ओठ पाहिले. पुन्हा एकदा पाहायचं होतं बहुतेक, कारण ते पुढे झुकले. मी तेच वाक्य परत म्हणालो. मग त्यांनी फळी बसवायला घेतली. बसवताना एक स्क्रू दोनदा हातातून पडला.

जयेंद्रगंजात याची चर्चा झाली. वकीलसाहेब ड्रायव्हरच्या शेजारी बसतात, धंदा बसला की काय, असं लोक विचारू लागले. त्याच आठवड्यात मी मिशी ओठाच्या वर येईल इतकी बारीक कातरून घेतली, तेव्हा कचेरीत दोघातिघांनी हळू आवाजात घरी सगळं ठीक आहे ना अशी चौकशी केली. एक तर सांत्वनाला घरी आला. वनमालेने त्याला चहा दिला आणि काही खुलासा केला नाही.

शेजारी बसून बोलणं फार कठीण असतं, हे मला नव्यानं समजलं. समोरचा माणूस रस्ता पाहत असतो. त्याने वळून बघावं असं बोलण्यासारखं काही आपल्याजवळ आहे का, हे आधी ठरवावं लागतं. पहिल्या आठवड्यात तसं माझ्याजवळ दोनदाच निघालं. दाल बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी थांबली की मी ते सांगायचो. बाकी वेळ मी समोरच्या घोड्यांचे कान बघत बसायचो.

दत्तजयंतीला बुवांना आणायला गेलो. ते मागे एकटे बसले, मी पुढे. सराफ्यातून निघालो. बुवांनी डोळे मिटले. खड्डा आला, गेला. ब्रेक लागला, गाडी सुटली. एंजिनाच्या घरघरीपलीकडे काही नाही. जयेंद्रगंज जवळ आलं तेव्हा बुवांनी डोळे उघडले.

"छान. जातानाही हिच्यातूनच जाईन," ते म्हणाले. "आवाज कोणी काढला? तुम्ही?"

तीन महिन्यांपूर्वी याच प्रश्नासाठी मी तंबोरा घेऊन चिखलात बसलो होतो. मी कान्होजींच्या हातावर बोट टेकवलं. गाडी हळू करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बुवांना उत्तर द्यायचं तर मला मागे वळायला हवं होतं. मी वळलो नाही. कान्होजींकडे तोंड करून, एकेक अक्षर वेगळं म्हणत, मी उत्तर दिलं.

"कान्होजी खलाट्यांनी."

ते क्षणभर माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान पुन्हा रस्त्याकडे वळवली आणि या वेळी "जी साहेब" म्हणाले नाहीत.